कोणाचे कान कधी मोकळे? आकाशवाणीच्या बोलक्या दिवसाची घडण

"हे आकाशवाणीचं पुणे केंद्र आहे. ३७८.८ मीटर, म्हणजेच ७९२ किलोहर्ट्झवर आपण ऐकत आहात..." हे वाक्य महाराष्ट्रात कित्येकांना पाठ आहे. त्यातले आकडे मात्र आपण स्तोत्रासारखे ऐकत आलो, अर्थ न विचारता. खरं तर अर्थ सोपा आहे. पुण्याचा प्रक्षेपक सेकंदाला ७ लाख ९२ हजार लहरी सोडतो आणि लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. भागाकार केला की एका लहरीची लांबी ३७८.८ मीटर येते. म्हणजे एकच पत्ता दोन प्रकारे सांगितलेला.

लहरीचा पत्ता असा एकदा ठरला की ठरला. अवघड असतं ते घड्याळातल्या जागा ठरवणं. चिंतन पहाटेच का, आणि तेही चार-पाच मिनिटांचंच का? शेतकऱ्यांचा कार्यक्रम संध्याकाळी का? तासाभराचं नाटक रात्री साडेनऊलाच का? गाण्यांचे कार्यक्रम बाजूला ठेवून फक्त बोलक्या कार्यक्रमांकडे पाहिलं, तर या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकाच प्रश्नात मिळतं : या वेळेला कोणाचे कान मोकळे आहेत? डोळे आणि हात मोकळे असण्याची अट रेडिओ घालत नाही. भाकरी थापणारे, दाढी करणारे, गोठा झाडणारे हात कामातच असतात. कान मोकळा असला की पुरे. पण तो कोणाचा, किती वेळ आणि किती लक्ष देऊन मोकळा आहे, हे ज्याला कळलं त्याला रेडिओचा दिवस बांधता येतो.

थोडा इतिहास सांगतो, कारण कार्यक्रमांच्या वेळांचा तक्ता त्यातूनच आला आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी तीन वर्षांत बुडाली, मग सरकारने काम हाती घेतलं आणि ८ जून १९३६ पासून 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव लागलं. या संस्थेचा पहिला प्रमुख लायोनेल फील्डन बीबीसीतून आलेला होता, त्यामुळे दिवसाचे तुकडे पाडण्याची पद्धत आपल्याकडे तिकडूनच आली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. बीबीसीने १९६७ मध्ये आपल्या जुन्या 'होम सर्व्हिस'ला 'रेडिओ ४' केलं, आणि ती मुख्यतः बोलण्याचीच वाहिनी झाली. आपल्याकडे बोलणं आणि गाणं एकाच ताटात राहिलं. अभंगानंतर बातम्या, बातम्यांनंतर भावगीत, मग कृषिसल्ला. मला ही सरमिसळ मोलाची वाटते. गाण्यासाठी रेडिओ लावलेल्या माणसाच्या कानावर भुईमुगावरच्या टिक्का रोगाची माहिती पडते, ती केवळ त्याने कान काढून घेतलेला नसतो म्हणून.

आकाशवाणीच्या भाषेत दिवसाचे तीन भाग असतात, त्यांना 'सभा' म्हणतात : सकाळची, दुपारची आणि रात्रीची. शब्द सुंदर आहे. कोणीतरी बसलं आहे आणि कोणीतरी बोलतं आहे, असं चित्र त्यात आहे. कोणत्या वारी, कोणत्या मिनिटाला कोणता कार्यक्रम, याचा ठरलेला तक्ता म्हणजे 'फिक्स्ड पॉइंट चार्ट'. त्यावर आधारून तीन-तीन महिन्यांचं नियोजन होतं. कोणत्या विषयावर कोणाला बोलवायचं, ते बोलणं किती मिनिटांचं आणि कोणत्या तारखेला, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या दिवशी निवेदकाच्या हाती येते ती 'क्यू शीट' : या मिनिटाला ही घोषणा, मग हे ध्वनिमुद्रण, मग दिल्लीच्या बातम्यांचं सहक्षेपण. सहक्षेपण म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम त्याच क्षणी आपल्या प्रक्षेपकावरून सोडणं. दिल्लीच्या बातम्या तुमच्यासाठी थांबत नाहीत, त्यामुळे त्याआधीचं भाषण वीस सेकंदांनी लांबलं तर काय करायचं, हेही निवेदकाला आधीच ठाऊक असावं लागतं. कमी पडलं तर वाद्यसंगीताचा छोटा तुकडा हाताशी तयारच असतो.

सकाळची सुरुवात त्या ओळखीच्या धूनने होते. ती वाल्टर काउफमन या संगीतकाराची. हे गृहस्थ त्या काळी मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागात होते. धून, 'वंदे मातरम्', मंगलवाद्य आणि मग चिंतन. या वेळी ऐकणारा माणूस अर्धवट जागा असतो. त्याला एकच विचार देता येतो, तोही एका उदाहरणासह. दोन विचार दिले तर दोन्ही सांडतात.

त्यानंतर बातम्या, आणि त्याही थराथराने. संस्कृत बातम्या ३० जून १९७४ पासून सुरू झाल्या. 'इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्' हे शब्द संस्कृत न येणाऱ्यांच्याही ओठांवर बसले. मग हिंदी, इंग्रजी, मराठी आणि प्रादेशिक. देशाच्या बातम्या आणि प्रदेशाच्या बातम्या असे दोन वेगळे पाट का? कारण दिल्लीहून येणाऱ्या बातमीपत्रात कोयनेचा विसर्ग किंवा घाटातली कोसळलेली दरड मावत नाही, आणि ज्याला त्या घाटातून जायचं आहे त्याच्यासाठी तीच दिवसाची मुख्य बातमी असते. म्हणून १९५३ मध्ये नागपूर आणि लखनौ इथे प्रादेशिक वृत्तविभाग सुरू झाले आणि पुढे ते इतरत्र पसरले.

इथे जरा थांबायला हवं, कारण कानासाठी लिहिणं ही या सगळ्याची गुरुकिल्ली आहे आणि ती बाहेरून दिसत नाही.

वर्तमानपत्र वाचताना वाक्य कळलं नाही तर डोळा मागे जातो. कानाला मागे जाता येत नाही. एवढ्या एका अडचणीतून रेडिओच्या लेखनाचे बहुतेक सगळे नियम निघतात. मराठीत आपण लिहितो : 'राज्यातील सर्व धरणे भरली आहेत, असे जलसंपदा मंत्र्यांनी सांगितले.' छापील मजकुरात हे ठीक आहे. रेडिओवर मात्र ऐकणारा अर्ध्या वाक्यापर्यंत समजतो की आकाशवाणीच सांगते आहे, धरणं भरली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली तर पुढचं 'असे सांगितले' बुडतं आणि मंत्र्यांचा दावा वस्तुस्थिती होऊन बसतो. म्हणून रेडिओवर बोलणारा आधी येतो : 'जलसंपदा मंत्र्यांनी सांगितलं, की...' ही शैलीची आवडनिवड नाही. बातमी खरी राहते ती या क्रमामुळे.

'वरील', 'खालील', 'उपरोक्त' हे शब्द रेडिओवर निरर्थक आहेत. तिथे वर-खाली काही नसतं, फक्त आधी आणि नंतर असतं. कंस ऐकू येत नाही, अवतरणचिन्हही ऐकू येत नाही. 'त्यांनी त्यांना त्यांचे पुस्तक दिले' या वाक्यातले तीन 'ते' कोण, हे डोळ्याला संदर्भाने उमगेल, पण कानाला नाव पुन्हा सांगावं लागतं. आकड्यांचं तर विचारूच नका. एकोणसाठ आणि एकोणसत्तर रेडिओच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात. सत्तेचाळीस हजार तीनशे ब्याऐंशी म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, 'सुमारे सत्तेचाळीस हजार' मात्र उरतं. बाजारभाव आणि धरणाची पातळी एवढ्याच ठिकाणी नेमका आकडा हवा, आणि तिथे तो सावकाश, शक्यतो दोनदा सांगावा.

दहा मिनिटांचं भाषण म्हणजे मराठीत साधारण हजार शब्द, असा ठोकताळा धरायला हरकत नाही. प्राध्यापक मंडळी दोन हजार शब्द घेऊन येतात आणि धावत वाचू लागतात. मग कार्यक्रम अधिकाऱ्याला त्यांच्यासमोर बसून मजकूर निम्मा करावा लागतो. हे काम नाजूक असतं. कागद सुटे ठेवायचे, पिन काढून टाकायची, एकाच बाजूला लिहायचं, पान संपतं तिथे वाक्यही संपवायचं आणि वाचून झालेला कागद उलटण्याऐवजी हळूच बाजूला सरकवायचा. कारण मायक्रोफोनसमोर कागदाची सळसळ पाचोळ्यात कोणी चालल्यासारखी ऐकू येते. सगळ्यात अवघड गोष्ट अजून वेगळीच आहे. व्याख्यानाला शंभर माणसं समोर असतात, इथे माणूस एकच असतो, तो दिसत नाही आणि तो आपल्याच कामात असतो. आवाज चढवला की तो दचकतो. त्याच्याशी पाटावर बसून बोलल्यासारखं बोलावं लागतं.

महात्मा गांधी दिल्लीच्या प्रसारण भवनात एकदाच गेले, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, दिवाळीच्या दिवशी. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांपर्यंत ते जाऊ शकले नव्हते, म्हणून ते रेडिओवरून त्यांच्याशी बोलले. ज्यांच्याशी बोलायचं ते लोक कोण आणि कोणत्या हालात आहेत, हे इतकं स्पष्ट ठाऊक असलेलं भाषण क्वचितच असेल. तो दिवस आता लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो.

दुपारच्या सभेत स्त्रियांसाठीचे कार्यक्रम असत. 'वनिता मंडळ' हे त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव. घरातली माणसं कामावर आणि शाळेत गेल्यावर तासभर रेडिओ फक्त बाईचा असतो, हा त्यामागचा हिशेब. पाककृती, बाळंतपणातली काळजी, कायद्याची माहिती, पत्रांना उत्तरं. शालेय कार्यक्रम आणि कामगारांसाठीचे कार्यक्रम यांचाही हिशेब असाच. आकाशवाणी यांना विशिष्ट श्रोतृवर्गाचे कार्यक्रम म्हणते. युवकांसाठी 'युववाणी' आली, मुलांसाठी रविवारची सकाळ राखली गेली.

संध्याकाळ गावाची. माणूस शेतातून परतला आहे, जेवण व्हायचं आहे, पारावर चार जण जमले आहेत. या वेळेचं सोनं कसं करायचं, याचा जगभर वाखाणला गेलेला प्रयोग पुणे केंद्रावरून झाला, आणि आपल्याकडे त्याची आठवण फारशी काढली जात नाही याचं मला वाईट वाटतं. साल १९५६. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं 'रेडिओ ग्रामीण मंडळ' तयार केलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतली होती : ऐका, चर्चा करा, कृती करा.

त्यातली खरी कल्पकता कार्यक्रम संपल्यावर सुरू होई. रेडिओ बंद करून मंडळी आपसात चर्चा करत, मंडळाचा सचिव ती टिपून घेई आणि शंका पुण्याला पाठवी. पुढच्या कार्यक्रमात केंद्र त्यांना उत्तर देई. म्हणजे एकाच दिशेने वाहणारं माध्यम उलट्या दिशेनेही वाहू लागलं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याचं मूल्यमापन केलं. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं यांची तुलना झाली. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती, निरक्षरांच्याही. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक थोडाच होता. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कानापर्यंत आवाज पोहोचवणं हे निम्मंच काम असतं, ऐकलेल्यावर बोलायला शेजारी कोणी असेल तरच ते पुरं होतं. १९५९ पासून ही मंडळं देशभर नेण्यात आली.

याच पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचं काम १९५५ पासून व्यंकटेश माडगूळकरांनी केलं. माणदेशी कानाचा माणूस त्या खुर्चीत बसला, म्हणून पुण्याच्या रेडिओवरची शेतकऱ्यांची भाषा पुस्तकी राहिली नाही, असं मला वाटतं. पुढे १९६० च्या दशकात केंद्रांवर शेती आणि घरसंसार यांच्या कार्यक्रमांसाठी 'शेती आणि गृह' विभाग उभे राहिले. तमिळनाडूत तंजावरच्या शेतकऱ्यांनी एडीटी-२७ या भाताच्या वाणाला 'रेडिओ भात' असंच नाव देऊन टाकलं, कारण त्याची माहिती त्यांना रेडिओवरून मिळाली होती. कृषी अधिकाऱ्याने कितीही पत्रकं वाटली असती तरी पत्रकाचं नाव भाताला पडलं नसतं.

श्रुतिका आणि नभोनाट्य. रेडिओला मराठीत 'नभोवाणी' म्हणत, त्यातून नभोनाट्य हा शब्द आला. श्रुतिका म्हणजे त्याचं छोटं भावंड, पंधरा-वीस मिनिटांचं. इथे पडदा नाही, पोशाख नाही, चेहरा नाही. पात्र बोलायचं थांबलं की ते नाहीसं होतं, कारण गप्प उभा असलेला माणूस रेडिओवर दिसत नाही. म्हणून कुणीतरी त्याला नावाने हाक मारावी लागते : "अण्णा, तुम्ही का गप्प?" झालं, अण्णा खोलीत परत आले. एका प्रसंगात सारख्या आवाजाची दोन माणसं ठेवायची नाहीत. पात्र आत येतं आहे हे दाखवायला नट मायक्रोफोनपासून दूर बोलायला सुरुवात करतो आणि बोलत बोलत जवळ येतो. मनातलं बोलायचं तर अगदी जवळ, जवळजवळ कुजबुजत. आवाज हळूहळू विरला की काळ पुढे सरकला, आणि दोन सेकंदांची शांतता म्हणजे पडदा. नारळाच्या करवंट्यांनी घोड्याच्या टापा होतात. या क्लृप्त्या स्वस्त आहेत खऱ्या, पण वाडा किती मोठा, पाऊस किती जोरात, हे ऐकणारा स्वतः ठरवतो आणि त्याचा वाडा कोणत्याही नेपथ्यापेक्षा मोठा असतो. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक श्रुतिकांमधल्या टेकाडे भावजींना आणि मीनावहिनींना लोक आपापल्या घरातल्या चेहऱ्यांनीच ओळखत.

धावत्या वर्णनाचंही तसंच. बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं वर्णन करत, तेव्हा मैदानावरच्या इंग्रजी शब्दांना मराठी बोली मिळाली. आषाढी एकादशीला पंढरपूरहून होणारं वर्णन ही तर गर्दीत न जाऊ शकणाऱ्यांची वारीच.

रात्रीचा कान सगळ्यात निवांत असतो, म्हणून लांबीचे कार्यक्रम तिथे. १९५६ पासून नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. एका भाषेतलं नाटक निवडायचं, सगळ्या भाषांत त्याचं भाषांतर करायचं आणि ठरलेल्या रात्री त्या-त्या केंद्रांनी आपापल्या भाषेत ते सादर करायचं. एका रात्री देशभर एकच गोष्ट, वेगवेगळ्या आवाजांत. व्याख्यानांचीही परंपरा आहे : सरदार पटेल स्मृती व्याख्यानं १९५५ मध्ये सुरू झाली, आणि पहिले वक्ते होते चक्रवर्ती राजगोपालाचारी.

रात्रीला निसर्गाचीही साथ असते. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर हवेचा एक विद्युतभारित थर असतो, तो दिवसा मध्यम लहरी, म्हणजे 'मीडियम वेव्ह', गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी आणखी वर जातात आणि तिथल्या दुसऱ्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणूनच रात्री काटा फिरवताना दिवसा न लागणारी लांबची केंद्रं लागतात. याचाच उपयोग करून देशाच्या मध्यावर, नागपुरात १००० किलोवॉटचा प्रक्षेपक उभारला गेला आणि १८ मे १९८८ पासून १५६६ किलोहर्ट्झवर रात्रभराची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. रात्रपाळीचे कामगार, ट्रकचालक, झोप न येणारे म्हातारे, सीमेवरचे जवान हे तिचे श्रोते. जानेवारी २०१९ मध्ये ती बंद झाली. त्यामागे खर्चाचं गणित होतं हे समजतं, पण त्या वेळी जागे असलेले कान कमी झालेले नाहीत.

हे सगळं चालवतं कोण? १९९७ पासून प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ, बहुतांशी सरकारी पैशावर. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या मात्र त्या जशाच्या तशा लावू शकतात. आणि परवानगी असती तरी टिक्का रोगावरच्या दहा मिनिटांना जाहिरात कोण देणार? 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे आकाशवाणीचं ब्रीद तक्त्यात उतरतं ते असं : ज्याचा कान विकत घ्यायला कोणी येणार नाही, त्याच्यासाठीही वेळ राखायची. म्हणूनच एका केंद्राचा कार्यक्रम साऱ्यांनी सहक्षेपित करण्याचा सोपा मार्ग निवडला जातो, तेव्हा मला काळजी वाटते. बातम्यांना ते चालतं. पण रत्नागिरीतल्या आंबेवाल्याने जळगावच्या केळीवरचा सल्ला किती दिवस ऐकावा? आता मोबाइलच्या अॅपवर कुठूनही कोणतंही केंद्र ऐकता येतं, हे उत्तम आहे. मात्र तिथे ऐकायला मिळेल ते मुळात कुठल्या तरी केंद्राने तयार केलेलं असावं लागतं.

रात्रीची शेवटची घोषणा होते, 'जय हिंद' म्हणून निवेदक मायक्रोफोन बंद करतो. ड्युटी रूममध्ये अधिकारी दिवसाचा अहवाल पुरा करत असतो : अमुक भाषण इतके सेकंद लांबलं, अमुक ठिकाणी सहक्षेपण तुटलं, एका शब्दाचा उच्चार चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर बैठक भरते, तेव्हा आधी हीच नोंद वाचली जाते आणि त्या शब्दाचा उच्चार नेमका कसा, यावर चहा थंड होईपर्यंत वाद चालतो.